सत्तरीनंतर स्तनात गाठ निघाली, तर उपचार कसे निवडावेत

आमच्या सासूबाईंना गाठ हाताला लागली ती दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या वेळी तेल लावताना. आम्हाला त्यांनी ती सांगितली चैत्रात. तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या. मधल्या पाच महिन्यांबद्दल विचारले तर म्हणाल्या, ‘दुखत नव्हती ना, मग कशाला उगीच सगळ्यांच्या जिवाला घोर!’ स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच, आणि ती दुखत नाही म्हणूनच पदराआड राहते. त्यामुळे पहिली सूचना घरातल्या लेकीसुनांसाठी आहे. गाठ, आत ओढले गेलेले बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, बोंडातून येणारे रक्त किंवा काखेतला टणक गोळा यांपैकी काहीही दिसले, तर ते वयाचे लक्षण मानू नये आणि त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

निदान होताच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘या वयात कशाला चिरफाड’. दुसरा म्हणतो, ‘जे जे असेल ते सगळे करा, पैशाकडे पाहू नका’. दोन्ही पक्ष जन्मतारखेकडे किंवा स्वतःच्या भीतीकडे पाहून बोलत असतात, आणि जिच्या अंगावर उपचार व्हायचे तिला बहुतेक वेळा कोणी विचारलेले नसते. उपचार कमी करणे पुष्कळदा योग्य असते. मात्र ते गाठीचा प्रकार आणि प्रकृती पाहून, समजून कमी केलेले असावेत.

आधी गाठीची ओळख पटवावी

‘गाठ काढून टाकू, मग पाहू कशाची आहे ते’ असे कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. आधी निदान न करता काढलेली गाठ अनेकदा अपुऱ्या कडांनिशी, म्हणजे भोवतीचा पुरेसा निरोगी भाग न घेता, निघते आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. योग्य क्रम असा, की दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी, गाठीची आणि काखेची सोनोग्राफी, आणि मग कोअर बायोप्सी, म्हणजे जागेवर भूल देऊन जाड सुईने काढलेले तुकडे. बारीक सुईच्या तपासणीत केवळ पेशी मिळतात. उपचार ठरवायला अखंड तुकडा लागतो. सुई लावल्याने रोग पसरतो ही भीती अजून गावोगाव ऐकू येते, पण तिला आधार नाही.

बायोप्सीच्या अहवालात तीन नोंदी शोधाव्यात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींच्या आहेत, तिसरी पेशींची वाढ करणाऱ्या एका प्रथिनाची. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर रोजच्या एका गोळीने रोग दाबून ठेवता येतो, आणि उतारवयातल्या बहुसंख्य गाठी याच प्रकारच्या निघतात. हर-टूपुढे ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह, आणि २+ असेल तर फिश नावाची आणखी एक तपासणी करून निकाल लावावा लागतो. या तीन नोंदी हाती येण्यापूर्वी कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. आठ-पंधरा दिवस थांबल्याने बिघडत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, की गाठ लहान असेल, काख मोकळी असेल, म्हणजे तिथल्या ग्रंथींत रोग दिसत नसेल, आणि अन्य त्रास नसेल, तर पेट स्कॅनची, म्हणजे सर्व शरीरात रोग शोधणाऱ्या तपासणीची, सहसा गरज नसते.

वयाऐवजी ताकद मोजावी

सत्तरीच्या स्त्रीला सरासरीने अजून दहा वर्षांहून अधिक आयुष्य असते; रोज देवळापर्यंत चालत जाणाऱ्या, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेणाऱ्या बाईला त्याहूनही अधिक असू शकते. दुसरीकडे पासष्टीतच हृदय दुबळे झालेली, डायलिसिसवर असलेली किंवा विस्मृतीने ग्रासलेली स्त्री असते. जी-८ नावाची आठ प्रश्नांची एक सोपी चाळणी यासाठी वापरतात: भूक, गेल्या तीन महिन्यांत घटलेले वजन, चालणे-फिरणे, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती, वजन-उंचीचे प्रमाण, औषधांची संख्या, स्वतःच्या प्रकृतीबद्दलचे स्वतःचे मत आणि वय. एकूण १७ गुणांपैकी १४ किंवा कमी मिळाले तर वृद्धांच्या तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी असा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे. जिथे तो नाही तिथे हेच काम जाणता फिजिशियनही करू शकतो, पण त्याला तसे सांगावे लागते. नुसते ‘फिटनेस द्या’ म्हटले की ईसीजी काढून सही मिळते.

या भेटीला जाताना घरातल्या सर्व गोळ्या, मलमे आणि काढे एका पिशवीत भरून न्यावेत. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेआधी केव्हा थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच लिहून द्यावे. वर्षभरात किती वेळा पडणे झाले तेही आठवून सांगावे. पुढे हाडांच्या संदर्भात ते कामाला येते.

तिला विचारणे

निदान लपवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती मायेपोटीच असते. तरीही संमतिपत्रावर सही तिची लागते, टाके तिला पडतात, आणि दालनाबाहेर चाललेली कुजबुज तिला कळत असतेच. तिला काय महत्त्वाचे वाटते हे तिच्याच शब्दांत ऐकावे. आम्ही धरून चाललो होतो, की सासूबाईंना स्तन राहिला काय आणि गेला काय, सारखेच. शल्यचिकित्सकांनी आम्हाला बाहेर बसवून त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, ‘शक्य असेल तर राहू द्या. आणि हात वर जायला पाहिजे, मला माझी वेणी मी घालते.’ आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात ही वेणी आली नव्हती, आणि काखेतल्या शस्त्रक्रियेचा निर्णय बऱ्याच अंशी तिच्यावरच फिरला.

शस्त्रक्रिया: किती आणि कुठवर

संपूर्ण स्तन काढला म्हणजे रोग समूळ जातो आणि फक्त गाठ काढली तर तो मागे राहतो, ही समजूत चुकीची आहे. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या शल्यचिकित्सकांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्तन राखून गाठ काढलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्यात फरक आढळला नाही. गाठ लहान आणि एकाच ठिकाणी असेल तर स्तन राखता येतो. गाठ मोठी असेल, अनेक ठिकाणी असेल किंवा त्वचा धरलेली असेल, तर स्तन काढणे श्रेयस्कर ठरते. दोन्ही शस्त्रक्रिया पोट किंवा छाती उघडण्यासारख्या अवघड नसतात आणि प्रकृती बरी असलेल्या वृद्धांना त्या चांगल्या झेपतात. पूर्ण भूल धोक्याची वाटत असेल तर पाठीत किंवा छातीच्या भिंतीत ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारे इंजेक्शन, देऊन काम होईल का, हे भूलतज्ज्ञांना विचारावे.

काखेचा प्रश्न मात्र थांबून विचार करण्याजोगा आहे. काखेतल्या सर्व लसिकाग्रंथी काढल्या की हाताला कायमची सूज येण्याची, खांदा आखडण्याची आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहण्याची शक्यता वाढते. काख तपासणीत आणि सोनोग्राफीत मोकळी असेल तर सर्व ग्रंथी काढू नयेत. रंगद्रव्य टोचून ओळखलेल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी, म्हणजे सेंटिनेल ग्रंथी, काढून पाहणे पुरते. अमेरिकेतील कर्करोग शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ मध्ये त्याही पुढे जाऊन सांगितले, की सत्तरी ओलांडलेल्या, ईआर पॉझिटिव्ह व हर-टू निगेटिव्ह अशा आरंभीच्या गाठीत, काख मोकळी असताना ही तपासणीसुद्धा सरसकट करू नये. म्हणून एवढे विचारावे: ‘ग्रंथी पॉझिटिव्ह निघाली तर आईच्या उपचारांत नेमके काय बदलेल?’ उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर काखेला हात लावण्याचे कारण उरत नाही.

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या, सुमारे १,६०० स्त्रियांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे साधे, स्वस्त बधिरीचे औषध टोचल्यास पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. ती चाचणी केवळ वृद्धांची नव्हती, पण हे इंजेक्शन देता येईल का, असे आपल्या शल्यचिकित्सकांना अवश्य विचारावे.

शस्त्रक्रिया टाळून नुसत्या गोळ्यांवर राहण्याचा मार्गही आहे, मात्र तो ईआर पॉझिटिव्ह गाठीतच. जुन्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर सत्तरीपुढच्या स्त्रियांत एकूण जगण्यात मोठा फरक दिसला नाही. पण गोळीवरची गाठ काही वर्षांनी पुन्हा वाढू लागण्याचे प्रमाण बरेच होते, आणि तोवर बाई शस्त्रक्रियेसाठी आणखी थकलेली असते. म्हणून अन्य आजारांमुळे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच उरले असावे, किंवा भूल खरोखरच झेपणार नाही, अशा वेळी हा मार्ग योग्य होय. धडधाकट बाईला तो ‘सोपा’ म्हणून देणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे माझे मत आहे.

रोग निदानाच्या वेळीच हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत गेलेला असेल, तर हिशेब निराळा होतो. टाटा मेमोरियलमध्येच ३५० स्त्रियांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा अवस्थेत औषधांना प्रतिसाद दिल्यानंतर स्तनाची शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढले नाही. तेव्हा औषधांवर भर द्यावा. गाठ फुटून जखम वाहू लागली तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा.

लाईट, किमो आणि गोळी

किरणोपचारांना बोलीत ‘लाईट देणे’ म्हणतात. स्तन राखला की नंतर लाईट सहसा घ्यावी लागते; ती नको म्हणून पूर्ण स्तन काढून घेणाऱ्या बायका खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत, कारण यंत्र मोठ्या शहरात आणि तिथे राहायचे कुठे हा प्रश्न खराच असतो. परंतु सत्तरीपुढे, दोन सेंटिमीटरपर्यंतची ईआर पॉझिटिव्ह गाठ काढल्यावर जी नियमाने गोळी घेणार आहे, तिला लाईट टाळताही येते. अमेरिकेतील चाचणीत दहा वर्षांनी त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण लाईट घेतलेल्यांत २ टक्के आणि न घेतलेल्यांत १० टक्के होते. जगण्यात मात्र फरक नव्हता. ब्रिटनमधील पासष्टीपुढच्या स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्षही जवळजवळ तोच. ज्यांना तो आठ टक्क्यांचा फरक नको असेल, त्यांनी तीन आठवड्यांचा किंवा पाच दिवसांचा छोटा क्रम मिळेल का ते विचारावे. जुना पाच-सहा आठवड्यांचा क्रम आता बहुतेकींना लागत नाही.

किमोबद्दल थोडक्यात. ईआर पॉझिटिव्ह, लहान गाठीत या वयात तिचा फायदा सहसा नगण्य असतो. तिन्ही नोंदी निगेटिव्ह असतील किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर प्रकृती पाहून ती विचारात घ्यावी; हर-टूसाठी ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाबरोबर दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल ही हलकी किमो अनेकींना झेपते, मात्र आधी आणि मधून मधून इको काढून हृदय पाहावे लागते.

गोळी सामान्यतः पाच वर्षे घ्यायची असते. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल हाडे विरळ करतात आणि सांधे दुखवतात, म्हणून सुरुवातीलाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असल्यास हाडांचे इंजेक्शन सुरू करावे. टॅमॉक्सिफेन हाडांना सोसते, पण रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा थोडा धोका वाढवते. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले तर लगेच दाखवावे.

खर्च आणि रुग्णालयातले दिवस

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. कार्ड आधारवर निघते. रुग्णालय योजनेत आहे का आणि ठरलेली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशीही त्याच खिडकीवर होते.

दाखल होताना चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र बरोबर ठेवावे. भुलीनंतर काही वृद्ध माणसे रात्री बरळतात, जवळची माणसे ओळखत नाहीत. ऐकू-दिसू लागले आणि ओळखीचा आवाज जवळ असला की हा गोंधळ बराच कमी होतो. पुढून उघडणारे सैल सुती झंपर आधीच शिवून घ्यावेत. नळी, म्हणजे ड्रेन, लावून घरी पाठवले तर रोज ठरल्या वेळी पाणी मोजून वहीत लिहावे आणि बाटली खांद्यावरच्या कापडी पिशवीत ठेवावी, म्हणजे चालताना ओढ बसत नाही. हाताचे व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून करावेत. सासूबाई भिंतीवर बोटे चढवत जिथवर पोचत तिथे पेन्सिलीने खूण करीत; दीड महिन्यात खुणा दिनदर्शिकेच्या खिळ्यापर्यंत गेल्या, आणि त्यानंतर वेणी पुन्हा त्या स्वतः घालू लागल्या.

पुढे पहिली काही वर्षे तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी. गोळीची पट्टी मात्र घरातल्या कोणीतरी महिन्यातून एकदा मोजावी. आमच्याकडे सातव्या महिन्यात ती मोजली तेव्हा कळले, की गुडघे धरतात म्हणून सासूबाईंनी लेट्रोझोल सहा आठवडे कोणाला न सांगता बंद ठेवली होती. डॉक्टर रागावले नाहीत. काही दिवस थांबून त्यांनी ॲनास्ट्रोझोल दिली, आणि ती त्यांना मानवली.