निबंधाचं पहिलं वाक्य अडायचं, त्यावर सापडलेला उपाय

यूपीएससी मुख्य परीक्षेच्या निबंधाची तयारी मी मराठीतून करतेय. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुणांचे. विषय कळायचा, मुद्देही सुचायचे, पण पहिलं वाक्य कागदावर उतरायचंच नाही. दमदार सुरुवात हवी म्हणून सुविचार आठवत बसायचे आणि वेळ निघून जायचा.

आता प्रस्तावना शेवटी लिहिते. आधी कच्च्या पानावर नुसते सुटे शब्द. मग ज्या मुद्द्याचं ठोस उदाहरण हाताशी आहे, तो परिच्छेद पहिला. विषय दुष्काळाचा असेल तर १९७२चा दुष्काळ, त्या काळात उभी राहिलेली रोजगार हमी योजना, तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून घेतलेला व्यवसाय कर, १९७७चा कायदा. शहराच्या पगारातून गावातल्या मजुराला काम मिळालं, हे लिहिताना मला आजही भरून येतं, आणि हात आपोआप चालतो. एवढं झालं की निबंधाला काय म्हणायचंय ते मलाच स्पष्ट होतं. प्रस्तावना मग चार ओळींत होते.

फक्त वर अर्धं पान कोरं सोडायला विसरू नका, आणि प्रस्तावना तेवढ्यातच बसवा.