दातांची निगा आणि दातांचं बिल : घरच्या ब्रशपासून कॅपच्या पावतीपर्यंत काय, कसं करावं

दाढेला कीड लागायला सुरुवात होते तेव्हा ती दुखत नाही. वरच्या टणक आवरणाला, म्हणजे इनॅमलला, संवेदनाच नसते. कीड खालच्या थरात उतरली की गार पाणी झोंबतं, गोड खाल्लं की कळ जाते. आणखी खोल, दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्री आडवं झाल्यावर ठणका सुरू होतो. पहिल्या दोन टप्प्यांत बहुतेक वेळा सिमेंट भरून काम भागतं. तिसऱ्यात रूट कॅनल, म्हणजे आतली खराब नस काढून पोकळी भरणं, आणि वर कॅप, म्हणजे दातावर बसवलेलं टोपण. तेही टाळलं तर दाढ काढायची, आणि रिकामी जागा भरायची असेल तर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर दात). दाढ तीच, पण दर टप्प्याला बिल कित्येक पटींनी फुगतं. आणि आपल्याकडे बहुतेक घरांत दवाखान्याची पायरी चढली जाते ती ठणका लागल्यावरच. त्या अवस्थेत माणूस खर्चाची चौकशी करत नाही, समोरचा सांगेल त्याला मान डोलावतो. म्हणून खालची कामं दुखत नसताना करायची आहेत.

पायरी १ : टूथपेस्टची ट्यूब उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या. मागच्या बारीक अक्षरांत दोनच गोष्टी शोधायच्या. पहिली, ‘सोडियम फ्लुओराइड’ किंवा ‘सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट’ हे नाव. दुसरी, त्याच्या आसपास छापलेला पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग ते सांगणारा आकडा. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लुओराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असता येत नाही आणि ते प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापावं लागतं. हा आकडा हजाराच्या आसपास असेल तर पेस्ट कामाची आहे. किडीपासून बचाव करणारा मुख्य घटक हाच. चव, फेस, रंग हे सगळं नंतरचं. अनेक आयुर्वेदिक किंवा ‘हर्बल’ पेस्टमध्ये फ्लुओराइड नसतं. लवंग-कडुलिंबाने तोंडाला बरं वाटतं, पण कीड रोखण्यात त्यांनी फ्लुओराइडची जागा घेतल्याचं सिद्ध झालेलं नाही.

ट्यूबच्या शेवटी हिरवा, निळा, लाल किंवा काळा चौकोन असतो. हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे रसायन, असा निरोप व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खोटा आहे. ट्यूब कुठे कापायची हे कारखान्यातल्या यंत्राला कळावं म्हणून ती खूण असते.

गार-गरम झोंबत असेल तर ‘सेन्सिटिव्ह’ पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट आहे का पाहा. तिचा गुण यायला काही आठवडे रोज वापरावी लागते. चार दिवसांत सोडू नका. मात्र एकाच दाताला झोंबत असेल तर पेस्ट बदलत बसू नका, तो दात दाखवा. कोळशाची पेस्ट, खडबडीत मंजन, राखुंडी यांनी दात घासले जातात म्हणजे खरोखरच झिजतात, आणि झिजलेलं इनॅमल परत येत नाही.

मशेरीबद्दल स्पष्टच लिहितो. ती भाजलेली तंबाखू आहे. दात घासायच्या निमित्ताने सकाळी लावली जाते आणि मग दिवसातून चार वेळा लागते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरच्या तव्यावर मशेरी भाजली जातेच, आणि त्यात बायकांचं प्रमाण मोठं आहे. आई, आजी, सासूबाई मशेरी लावत असतील तर रागावून काही होत नाही. त्यांना दंतवैद्याकडे सोबत न्या आणि तोंड आतून तपासून घ्या. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लुओराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरी सोय नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. गावातल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर ग्रामपंचायतीकडून पाण्याची तपासणी मागा, आणि मुलांना कोणती पेस्ट द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

पायरी २ : ब्रश मऊ, वेळ दोन मिनिटं, चूळ कमी

ब्रशवर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं हवं. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज हिरड्यांना महागात पडतो. हिरडी मागे सरकते आणि मुळं उघडी पडतात. ब्रश हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा. दिवसातून दोन वेळा. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि किडीला मोकळं रान मिळतं. केस पिंजारले की ब्रश बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदलाच.

घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका. दातांवर राहिलेलं फ्लुओराइड धुऊन जातं. ही सवय मोडायला सगळ्यात अवघड, आणि हिला एक पैसाही लागत नाही.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस, किंवा फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश नावाचा छोटा ब्रश. काडेपेटीची काडी आणि सेफ्टी पिन मात्र आजपासून बंद. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, टूथब्रश, दंतमंजन आणि फ्लॉस यांवरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे.

माउथवॉश रोज हवाच असं नाही. डॉक्टर हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडीन देतात ते औषध आहे. सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापरायचं, पुढे चालू ठेवलं तर दातांवर तपकिरी डाग येतात. शिवाय पेस्टनंतर लगेच घेतलं तर त्याचा परिणाम कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

पायरी ३ : लहान मुलांची सहाव्या वर्षीची दाढ ओळखा

मूल साधारण ६ वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून कीड लागू दिली जाते. ती कायमची दाढ आहे. तिच्या खोल चिरा बंद करायला ‘सीलंट’ नावाचा पातळ थर देता येतो, त्याची चौकशी करा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांनी धरायचा.

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्यात दातांची तपासणीही आहे. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका, पुढचा उपचार मोफत मिळण्याची वाट तिथून सुरू होते.

पायरी ४ : कुठे जायचं ते आधी ठरवा

खाजगी दवाखाना हा एकच पर्याय नाही. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, बऱ्याच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही दंतशल्यचिकित्सक असतात. दात काढणं, साफ करणं, सिमेंट भरणं ही कामं तिथे होतात. कामगार विमा लागू असेल (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये) तर ईएसआय रुग्णालयात विचारा.

खरा आधार दंत महाविद्यालयांचा आहे. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं. गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. खाजगी दंत महाविद्यालयांतही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा दर बरेच कमी असतात. विद्यार्थी उपचार करतात म्हणून लोक कचरतात, पण प्रत्येक पायरी शिक्षक तपासतात. किंमत मोजायची ती वेळेच्या रूपात : जिथे बाहेर दोन खेपा लागतील तिथे इथे चार-पाच लागू शकतात.

सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. आधी तपासणी विभागात पाहतात, एक्स-रे काढतात आणि मग पुढे पाठवतात. रूट कॅनल एका विभागात, कॅप आणि कवळी दुसऱ्यात, दात काढणं तिसऱ्यात. पहिल्याच दिवशी विचारून घ्या : एकूण किती खेपा, आणि कॅपचे लॅबचे पैसे वेगळे का? रजा आणि एसटीचं भाडं धरूनच हिशेब करा.

पायरी ५ : खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तो वाचायला शिका

कागदावर ‘४६ : आरसीटी, कॅप’ असं लिहिलेलं असतं. आरसीटी म्हणजे रूट कॅनल. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो : १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. उजवं-डावं रुग्णाचं. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजायचा. म्हणजे ४६ ही खालच्या उजव्या बाजूची सहावी, पहिली मोठी दाढ. जीभ लावून मोजा आणि दुखणारी दाढ हीच का ते पाहा. मुलांच्या दुधाच्या दातांना पहिला आकडा ५ ते ८ असतो.

मग हे प्रश्न, न लाजता :

– रूट कॅनलच्या रकमेत एक्स-रे, आतला पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली काडी) आणि वरची कॅप धरली आहे का?
– कॅप कशाची? धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची)? मागच्या दाढेला धातूची का चालणार नाही?
– यातलं आत्ता करायलाच हवं असं कोणतं आणि सहा महिने थांबलं तर चालेल असं कोणतं?
– दात वाचवायचा नाही असं ठरवलं तर पुढे काय होईल?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सहा दातांची यादी पाहून घाबरलेला माणूस एकही दात करून घेत नाही. यादी क्रमाने लावून घेतली तर पहिली दोन कामं महिन्याच्या पगारात बसू शकतात. एक्स-रेची प्रत मागा; दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर पुन्हा काढावा लागत नाही. आणि भिंतीवर राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, ते बघा.

दात साफ केल्याने ते सैल होतात असं अनेकांना वाटतं. आधीच हाड झिजून सैल झालेल्या दातांना साचलेल्या दगडाने, म्हणजे कडक झालेल्या किटणाने, धरून ठेवलेलं असतं. तो निघाला की हलणं जाणवतं. साफ करणं टाळलं तर हाड झिजतच राहतं. मधुमेह असेल तर हे आणखी जपायचं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं.

पायरी ६ : पैसे कुठून, कसे

आरोग्यविम्यावर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत दातांचा नेहमीचा उपचार वगळलेला असतो. अपघातात दात-जबडा मोडून रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर वेगळं, आणि काही पॉलिसींत ओपीडीचं जादा संरक्षण घेता येतं. ते घेण्याआधी वर्षाला किती रकमेपर्यंत आणि किती महिने थांबल्यावर, हे दोन आकडे पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या उपचारांना तिचा आधार मिळतो, साध्या सिमेंट-कॅपला नाही.

आईवडील ६० वर्षांवरचे असतील आणि त्यांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्या उपचारावरचा खर्च जुन्या कररचनेत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावटीला धरता येतो. अट अशी की पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणून कवळीचे पैसेसुद्धा यूपीआयने किंवा चेकने द्या आणि पावती रुग्णाच्या नावाने घ्या. उपचारावर जीएसटी लागत नाही. रूट कॅनलच्या बिलात तो लावलेला दिसला तर कारण विचारा.

‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब कागदावर मांडा. समजा बिल ३६,००० रुपये, १२ हप्ते, दर महिना ३,०००. प्रोसेसिंग फी ३ टक्के, म्हणजे १,०८०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १९४. आता डॉक्टरांना विचारा, एकरकमी दिले तर किती कमी कराल? ५ टक्के म्हणाले तर ते १,८०० तुम्ही हप्त्यांपायी सोडता आहात. मिळून ३,०७४ रुपये. कर्ज देणारी संस्था ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचा कागद देते, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक दराचा आकडा पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या दात सरळ करण्याच्या उपचारात आणखी एक धोका असतो. कर्ज तुमच्या नावावर निघतं आणि सगळी रक्कम आधीच दवाखान्याच्या खात्यात जाते. मध्येच दवाखाना बंद पडला तरी हप्ते थांबत नाहीत. त्यामुळे जमेल तिथे थेट दवाखान्यालाच, काम पुढे सरकेल तसे पैसे द्यायचं ठरवा. बरेच डॉक्टर तयार होतात, विचारावं मात्र आपण लागतं.

पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत

दुखत्या दाढेवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेचं तेल बोळ्यावर थेंबभर, तेही फक्त दातावर. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा चालतात. मेडिकलमधून आपणहून अँटिबायोटिक आणू नका. नस सुजून होणारं दुखणं त्याने बरं होत नाही.

गालावर किंवा जबड्याखाली सूज चढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर अंदाज, हप्ते, सूट सगळं बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. हा संसर्ग मानेकडे उतरू शकतो, आणि सकाळची वाट पाहण्याइतका वेळ तो नेहमी देत नाही.