विमान अपहरणाच्या प्रश्नात आधी दार बघा

कायद्याच्या परीक्षेत विमान अपहरणाचा प्रश्न आला की मुलं थेट शिक्षेकडे धावतात. मी वर्गात आधी दाराचं विचारते. विमान अपहरणावरच्या १९७० च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारात प्रवासी चढून बाहेरची सगळी दारं लागली की विमान ‘उड्डाणात’ आलं, मग ते अजून धावपट्टीवर का असेना. उतरवण्यासाठी एखादं दार उघडलं की ती अवस्था संपली. हेग करारात बदल करणाऱ्या २०१० च्या बीजिंग प्रोटोकॉलने ही मुदत ताणली: उड्डाणपूर्व तयारीपासून उतरल्यानंतर २४ तासांपर्यंत. भारताचा २०१६ चा विमान अपहरणविरोधी कायदाही याच वळणाचा आहे. तो लागू झाला ५ जुलै २०१७ ला, तेव्हा घटनेच्या तारखेखाली रेघ मारा.

मग समासात लिहा: विमानाची नोंदणी कुठली, निघालं कुठून, उतरलं कुठे, आरोपी आज कुठे आहे. निघण्याची किंवा प्रत्यक्ष उतरण्याची जागा नोंदणीच्या देशाबाहेर असेल तर हेग करार लागतो; तिकीट देशातल्या देशातलं असलं तरी.

१९८४ चा पावसाळा यासाठी मला फार सोयीचा वाटतो. जुलैमध्ये श्रीनगरहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान लाहोरला नेलं. पाकिस्तानने अपहरणकर्त्यांवर स्वतःच खटला चालवला. ऑगस्टमध्ये दुसरं विमान लाहोर, कराची करत दुबईला पोचलं. तिथून अपहरणकर्ते भारताच्या हवाली झाले. हेग कराराचं कलम ७ म्हणतं ते हेच: आरोपी सोपवा, नाहीतर प्रकरण आपल्या खटला चालवणाऱ्या यंत्रणेकडे द्या. शिक्षा झालीच पाहिजे असं मात्र ते म्हणत नाही. इथे निम्मा वर्ग घसरतो.

आता २०१७ चं मुंबई-दिल्ली विमान घ्या. स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरवलं. सगळं भारतातच, म्हणून लागला फक्त भारतीय कायदा. त्यात विश्वासार्ह धमकीही अपहरणात मोडते. विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये जन्मठेप दिली, २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. उत्तरात दोन्ही निकाल हवेत. पहिल्यावर थांबलात तर मी गुण कापते.

शिक्षा सगळ्यात शेवटी. २०१६ च्या कायद्यात, अपहरणात ओलीस, सुरक्षा कर्मचारी किंवा गुन्ह्यात सामील नसलेलं कुणीही दगावलं तर फाशी, एरवी मरेपर्यंत जन्मठेप, शिवाय मालमत्ता जप्त होऊ शकते. पण आरोपी फाशी नसलेल्या देशाने सोपवलेला असेल, तर प्रत्यार्पण कायद्याचं कलम ३४-क (इंग्रजीत 34C) उघडा: फाशीच्या जागी जन्मठेप येते.