मारबत शीटमध्ये सापडेना: डिजिटल कौशल्यं शिकवताना या चुका टाळा

सांस्कृतिक व्यवस्थापनाच्या मुलांना नागपुरातून ऑनलाईन शिकवायला लागलो, तेव्हा माझा अभ्यासक्रम मोठा देखणा होता. पहिला आठवडा गुगल शीट, दुसरा फॉर्म, तिसरा पोस्टर, चौथा लाईव्ह. मुलांनी चारही स्वाध्याय वेळेत दिले. मग एका छोट्या कार्यक्रमाची जबाबदारी दिली, तर निमंत्रितांची यादी वहीत आणि फोटो कोणाच्या फोनमध्ये आहेत ते कोणालाच ठाऊक नाही! साधन सुटं शिकवलं की ते सुटंच राहतं. ही माझी पहिली आणि सगळ्यात महागडी चूक.

आता पहिल्याच तासाला एक कार्यक्रम धरतो आणि शेवटपर्यंत तोच चालवतो. गेल्या खेपेला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघते ती मारबतीची मिरवणूक घेतली. काळी आणि पिवळी मारबत म्हणजे मोठे पुतळे, मागून बडगे, म्हणजे चालू विषयांवर टोमणे मारणारे पुतळे. फोटोंना तोटा नाही. प्रत्येक फोटोची शीटमध्ये नोंद करायची: कुठे काढला, कोणी काढला, बडग्या कोणत्या विषयावरचा, वापरायची परवानगी आहे का. नोंदी झाल्या, शोधायला गेलो तर निम्म्या गायब. एकीनं ‘मारबत’ लिहिलं होतं, दुसऱ्यानं ‘मार्बत’, तिसऱ्यानं ‘काळी मा.’. तिथेच ड्रॉपडाऊन यादी शिकवली, म्हणजे टाईप न करता ठरलेल्या नावांतून निवडायचं. गरज आधी आली, म्हणून कोणी विसरलं नाही.

मराठी फाँटचा घोळ मात्र बहुतेक शिक्षक वगळतात. आपल्याकडे निमंत्रणपत्रिका अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप होतात. तो मजकूर मुलांनी गुगल डॉकमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि त्यांना वाटतं फाईलच बिघडली. बिघडलेलं काही नसतं. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसेल तर खालची अक्षरं उघडी पडतात. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा रूपात आणा, मग रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. कलावंताच्या नावातला रफार पत्रिकेवर चुकला, तर पुढची पाच वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

शिक्षक लॅपटॉपची स्क्रीन दाखवतो, समोरची मुलं फोनवर असतात. तिथे मेनू वेगळे, बटणं वेगळ्या जागी. मी आता माझ्या फोनचीच स्क्रीन शेअर करतो. वेळेचंही तसंच. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, ती रात्रभर चालतात. तिकडचाच, वडसा-ब्रह्मपुरीचा, नाटक कंपनीच्या कामात असलेला विद्यार्थी सकाळी ८ च्या वर्गाला जागा कसा राहील? त्याची हजेरी मी कामावर धरतो. आमच्यात खऱ्या कार्यक्रमाच्या सगळ्यात जवळ तोच तर असतो.

लहानसहान अडचणी लवकर सुटतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दबतो आणि फ्लेक्सवर फाटतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ड्राइव्हची लिंक देण्याआधी दुसऱ्या खात्यातून उघडून पाहा. फॉर्ममध्ये फाईल जोडायला सांगितलं की गुगल खात्यानं आत यावं लागतं, आणि आपले ज्येष्ठ कलावंत तिथेच थांबतात. त्यांच्यासाठी फॉर्म मुलांनी फोनवर विचारून भरावा. शीटमध्ये +९१ नं सुरू होणारा नंबर कधी कधी सूत्र समजला जाऊन चूक दाखवतो. तो रकाना आधी साध्या मजकुराचा करा.

लाईव्हचा सराव कार्यक्रमाच्या दिवशी ठेवू नका. यूट्यूबवर पहिल्यांदा लाईव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागते आणि फोनवरून करायचं तर चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. आमच्या एका गटाला हे संध्याकाळी पाचला कळलं, कार्यक्रम सहाला. सिव्हिल लाईन्सच्या देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागी फोनच्या माइकवर आवाज घेतला तर टाळ्या खणखणीत आणि गाणं विहिरीतून आल्यासारखं येतं. साऊंडवाल्या दादांना आदल्या दिवशीच विचारा, मिक्सरमधून एक वायर मिळेल का. बहुतेकदा मिळते, चहा आपण पाजायचा.