एका कार्डाची मागणी घेऊन जाण्याआधी

रेल्वे, मेट्रो आणि बस सगळीकडे चालणारं एकच कार्ड मिळावं, असं निवेदन लिहायला बसण्याआधी एक वही घ्या आणि पंधरा दिवस ती भरा. तुमच्यातल्या निदान पाच-सहा जणांनी रोजचा प्रवास टिपायचा: तिकिटासाठी किती मिनिटं उभे राहिलो, मशीन चालू होतं की बंद, कोणती गाडी चुकली, आणि घरापासून कामापर्यंत किती वेळा पैसे मोजले. 'रांगा फार असतात' असं सांगितलं की अधिकारी मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. 'मंगळवारी सकाळी चारपैकी एकच खिडकी उघडी होती, माझा नंबर यायला अठरा मिनिटं लागली' असं तारखेसह सांगितलं की त्यांना काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

वहीत पैशांचा रकाना वेगळा ठेवा, कारण खरं दुखणं तिथेच आहे. मी वही ठेवत होतो तेव्हा खिशात रेल्वेचा पास, मेट्रोचं एक कार्ड आणि बसचं दुसरं कार्ड असायचं. एका संध्याकाळी मेट्रोच्या गेटवर लाल दिवा लागला, शिल्लक कमी. फोनवरून पैसे भरले, खात्यातून ते गेलेही, पण कार्डात उतरवायला ते एका ठरावीक मशीनला टेकवावं लागतं आणि नेमकं तेच मशीन बंद. मागे लोक खोळंबलेले, खाली गाडी लागल्याचा आवाज येतोय. बसच्या कार्डात त्याच वेळी महिनाभर पुरतील एवढे पैसे पडून होते. पैसे माझेच, प्रवासासाठीच भरलेले, आणि तरी मी गेटच्या अलीकडे. असे प्रसंग वहीत त्याच दिवशी उतरवा, आठवड्याने लिहिलं की वेळा चुकतात. तिकिटांचे फोटोही लगेच काढा, थर्मल कागदावरची छपाई लवकर फिकी पडते.

आता मागणी नेमकी काय, हे आपसांत ठरवून घ्या. इथे घाई करू नका. एकच कार्ड सगळीकडे चालणं ही एक गोष्ट झाली, सगळ्या प्रवासाचं भाडं एकत्र मोजणं ही दुसरी. पहिली मिळाली आणि दुसरी राहिली, तर पाकिटातली जागा वाचेल. गाडी बदलली की किमान भाडं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं मात्र चालूच राहील. नेदरलँड्समध्ये २०१२ पर्यंत एकच चिप कार्ड देशभर लागू झालं. तरीही एका रेल्वे कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसायचं तर पहिल्या कंपनीच्या कार्ड वाचणाऱ्या खांबाला कार्ड टेकवून बाहेर पडल्याची नोंद करायची आणि दुसरीच्या खांबाला टेकवून पुन्हा आत आल्याची. धावपळीत विसरलं, की आत येतानाच अनामत म्हणून कापून ठेवलेली रक्कम, मुख्य रेल्वेवर साधारणपणे २० युरो, अडकून राहायची. उलट जर्मनीत हॅम्बुर्गच्या वाहतूक संस्थांनी १९६५ मध्ये एकत्र येऊन सामाईक भाडं ठरवण्याची व्यवस्था उभी केली, आणि रेल्वे, बस, बोट यांना एकच तिकीट चालू लागलं. तेही कागदाचं, चिपच्या कितीतरी आधी. म्हणून निवेदनात सामाईक भाडं वर लिहा, कार्ड त्याखाली. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादाही मागा. लंडनच्या ऑयस्टर कार्डाला ती २००५ पासून आहे: दिवसभरात कितीही वेळा चढा-उतरा, ठरलेल्या रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. सकाळी पास काढावा की सुटं तिकीट, हा हिशेब मग प्रवाशाला करावा लागत नाही, यंत्रणाच करते.

'पैसे कोणाचे किती, ते कसं वाटायचं?' हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर घेऊन जा. हाँगकाँगमध्ये पाच वाहतूक कंपन्यांनी १९९४ मध्ये मिळून एक स्वतंत्र कंपनी काढली, आणि १९९७ मध्ये तिचं ऑक्टोपस कार्ड सुरू झालं. प्रत्येक व्यवहाराची नोंद एका ठिकाणी जमा होते आणि तिथून ज्याचा त्याला वाटा जातो. जपानचा दाखलाही जवळ ठेवा. तिथे वेगवेगळ्या भागांतली दहा कार्डं होती. एकही बंद न करता, २०१३ मध्ये ती एकमेकांच्या भागात चालतील अशी सोय झाली. 'आमचं कार्ड आधीच आहे, त्यात खर्च झालाय' असं कोणी म्हणालं, तर त्यांच्यापुढे हाच दाखला ठेवा.

वेगाबद्दल एकच आकडा पुरे: जपानच्या गेटवर कार्ड वाचून हिशेब पुरा व्हायला ०.२ सेकंद, अशी अट आधीपासून होती. गर्दीच्या वेळी फोन उघडा, अ‍ॅप शोधा, उजेड वाढवा, कोड दाखवा, एवढ्याला किती वेळ जातो ते वहीत असेलच.

मागण्यांच्या यादीतून सहसा सुटतात ती माणसं, म्हणून निवेदनाचं एक पान त्यांच्यासाठी ठेवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, बँक खातं नाही, त्यांना रोख देऊन कार्ड भरता आलं पाहिजे. ज्येष्ठ, विद्यार्थी, दिव्यांग यांची सवलत कार्डातच नोंदलेली हवी, दर वेळी कागद दाखवायची पाळी नको. कार्ड हरवलं तर ते बंद करून शिल्लक परत मिळायला हवी. ज्याला नाव नोंदवायचं नाही त्यालाही कार्ड मिळावं, कारण रोजच्या येण्या-जाण्याची नोंद ही फार खाजगी बाब आहे. आणि चिप जुनाट घेऊ नका असं स्पष्ट लिहा. कित्येक शहरांच्या कार्डांत असलेली मायफेअर क्लासिक या चिपची सुरक्षा २००८ मध्ये संशोधकांनी भेदून दाखवली होती.

भेटीला तिघं-चौघंच जा, बोलणारा एकच ठरवा, वही दुसऱ्याच्या हाती द्या. निवेदनाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका, आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून घ्या. वहीच्या छायाप्रती जोडा, मूळ वही मात्र परत आणा. पुढच्या भेटीपर्यंतचे दिवसही त्यात भरायचे आहेत.