युरोपला सहकुटुंब निघालात? पैशाच्या आणि प्रवासाच्या या चुका टाळा

युरोपच्या सहलीचं बजेट बहुतेक घरांत एकाच आकड्यावर ठरतं: माणशी विमानभाडं किती. ते स्वस्तात मिळालं की गंगेत घोडं न्हालं! पण नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी असं अख्खं घर निघतं, तेव्हा पैसे गळतात ते भलतीकडेच. घर ते मुंबई, स्टेशन ते हॉटेल आणि कार्डाच्या मशीनवर. म्हणून हिशेब माणशी नको, घराचा करा. आणि विमानतळापासून नको, आपल्या उंबऱ्यापासून करा.

पासबुक आणि टीसीएस

शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचं) शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना माफ. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत येत नाहीत. शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, तरी लोक महिना उरला की धावपळ करतात. उन्हाळ्यात मुंबईची अपॉइंटमेंटच मिळत नाही.

रत्नागिरी-देवगडकडे अडचण येते ती पासबुकात. आंबा बागायतदाराच्या खात्यात पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, बाकीचं वर्ष खातं कोरडं. मग अर्जाच्या आठ दिवस आधी काका, मेहुणा, शेजारी लाख-लाख जमा करतात. तपासणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा हेच भरतं. उसनी शिल्लक दाखवण्यापेक्षा वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत उत्पन्न हंगामी का आहे याचा चार ओळींचा खुलासा द्या. खरं कारण कागदावर असलं की निम्मे प्रश्न उरत नाहीत.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर ती टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर) घेते. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला आयकर आहे. पण तो वळता करून घ्यायचा किंवा परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावं लागतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून आपल्याकडे अनेकांनी जन्मात विवरणपत्र भरलेलं नसतं. त्यांचे पैसे तसेच अडकून पडतात. घरात ज्याचं विवरणपत्र दरवर्षी जातं, त्याच्याच पॅनवर बुकिंग करा. टीसीएसचे दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, तेवढं आपल्या सीएला विचारून घ्या.

मुंबई गाठणं

तिकिटावर १२ तारीख आणि रात्री २ ची वेळ असेल, तर विमानतळावर पोचायचं ते ११ तारखेच्या रात्री. ही चूक शिकलेसवरलेले लोकही करतात. त्यात मुंबईला आता दोन विमानतळ. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तो पनवेलच्या बाजूला असल्याने कोकणातून सोयीचा, पण तुमचं विमान तिथून आहे की अंधेरीहून, हे गाडीवाल्याला सांगण्याआधी तिकिटावर बघा.

आंबा आटोपून जूनच्या उत्तरार्धात निघणाऱ्यांनी त्याच दिवशीच्या गाडीवर भरवसा ठेवू नये. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा लागलेलं असतं, गाड्या वेग कमी करून धावतात, आणि एखादी दरड आली की सगळंच कोलमडतं. महामार्गाबद्दल न बोललेलं बरं. एक दिवस आधी पनवेल-मुंबईत मुक्काम करा. चुकलेल्या पाच तिकिटांपुढे एका रात्रीची खोली काहीच नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. सावंतवाडी-कुडाळवाले गोव्यातल्या मोपा विमानतळाहून निघत असतील तर पुढच्या विमानासकट एकच तिकीट काढा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचं नुकसान तुमच्याच खिशातून.

कार्ड, मशीन आणि सुट्टे

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. निघण्याआधी अ‍ॅपमधून ते चालू करा, मर्यादा ठरवा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, तेव्हा ते सिम फोनमध्ये आणि रोमिंग चालू राहू द्या. तिकडचं सिम घालायच्या नादात आपलं काढून पाकिटात ठेवलं, की तिकीट बुक करताना सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र एका बटणाची. हॉटेलात वेटर मशीन टेबलावर आणतो, पडद्यावर दोन आकडे दिसतात: एक युरोत, एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे जातं. समजा बिल १०० युरोचं आणि बाजारात युरो १०० रुपये. तर त्या ओळखीच्या आकड्यात १०,६०० ही लिहिलेले असू शकतात, कारण तिथला विनिमय दर मशीनवाल्याचा असतो. नेहमी युरोच निवडा. वेटरने घाईत स्वतःच रुपये दाबले, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, यात भीड कसली? एटीएमही हाच प्रश्न विचारतं. तिथंही स्थानिक चलन, आणि शक्यतो चौकातल्या खासगी यंत्राऐवजी बँकेचं एटीएम.

फॉरेक्स कार्डात (आधीच परकीय चलन भरून न्यायच्या कार्डात) युरो भरले म्हणजे सगळीकडे चाललं, असंही नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण चलन फ्रँक. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. युरोचं कार्ड तिथं वापरलं की वर चलनबदलाचा आकार लागतो. दोन कार्डं दोघांच्या पाकिटात वाटून ठेवा.

रोख थोडीच न्या, पण सुट्टे हवेतच. सार्वजनिक स्वच्छतागृहाला अनेक ठिकाणी एक युरोच्या आसपास लागतो. आजी आणि लहान मूल बरोबर असलं की हा आकडा दिवसभरात बराच वाढतो. काही शहरांत मुक्कामाचा शहर-कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो, बुकिंगच्या रकमेत तो नसतो.

रेल्वे, विमान, गाडी

मुलांची तिकिटं काढण्याआधी नियम वाचा. स्वित्झर्लंडमध्ये पालकाकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट प्रवास मिळतो, पण ते कार्ड मागून घ्यावं लागतं. अनेक देशांच्या रेल्वेत चालणाऱ्या युरेल पासवर ११ वर्षांपर्यंतची मुलं मोफत, मात्र फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळं आणि पैसे वेगळे. चौघा-पाचांचं आरक्षण धरलं की पास खरंच परवडतो का, हे आधी मांडून बघा. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यायचा असतो. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो इथे. पॅरिसच्या मेट्रोत प्रत्येकाचं तिकीट किंवा कार्ड वेगळं, आणि बाहेर पडेपर्यंत ते जवळ ठेवा.

आतल्या प्रवासाला स्वस्त विमान घेताना उतरणार कुठे ते बघा. ‘पॅरिस’ म्हणून विकलेलं बोव्हे शहरापासून ८० किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे चिपळूणचं तिकीट काढून रत्नागिरीत उतरण्यासारखं. पाच जणांचं बसभाडं आणि बॅगांचं शुल्क मिळवलं की स्वस्ताई संपते.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मुलांच्या सीटचं भाडं धरा. इटलीतल्या जुन्या शहरांत मनाई असलेल्या भागात गाडी घालू नका. तिथे कॅमेरे असतात, दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

बॅगेत काय नको

भाच्याला हापूसची पेटी न्यायची हौस आवरा. युरोपीय संघात ताजी फळं नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. पेढे, खवा आणि तूपही चालत नाही, कारण दुग्धजन्य पदार्थांना मनाई आहे. नारळ चालतो हे ऐकून कोकणी माणसाला बरं वाटेल, पण सुकं खोबरं बॅगेत टाकू नका. ते सहज पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले अडवतात.

परतताना फॉरेक्स कार्डातली शिल्लक बँकेतून परत घेता येते, नोटाही बदलून मिळतात. नाणी मात्र इथे कुणी घेत नाही. शेवटच्या दिवशी विमानतळावर मुलांचं खाणंपिणं आधी नाण्यांत घ्या, कमी पडेल तेवढंच कार्डाने द्या.