ब्रश पण आणि ब्रश करणं पण: नाम-क्रियापदवाले इंग्रजी शब्द शिकवायच्या आधीची तयारी

तिसरी-चौथीच्या मुलांना वॉटर, ब्रश, वॉच, पार्क असले शब्द शिकवायचे असतील, म्हणजे इंग्रजीत जे नाम म्हणून पण चालतात आणि क्रियापद म्हणून पण, तर आदल्या दिवशी तासभर तरी काढून बसा. मी हे मराठी माध्यमातली मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, सेमीवाल्यांना आणि घरी शिकवणाऱ्या आईबाबांना पण तेवढंच लागू आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे तिसरीपर्यंत हे शब्द मुलांच्या कानावरून गेलेलेच असतात, प्रश्न शब्द माहीत नसण्याचा नाहीच.

मग प्रश्न कशाचा, तर आपल्या 'करणं'चा. आपण घरात काय बोलतो बघा, दात ब्रश कर, बाबांना फोन कर, गाडी पार्क कर, दार लॉक कर, तिकीट बुक कर. इंग्रजी शब्द मराठीत आला की आपण त्याला 'कर' जोडतो आणि मगच तो काम करायला लागतो, आणि मूल तेच उचलून इंग्रजीत नेतं, आय डू ब्रश, पापा इज डुइंग फोन. मुलाला अर्थ कळलेला असतो, फक्त ब्रश हा शब्द एकटाच क्रियापद म्हणून उभा राहू शकतो यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून तयारीतलं पहिलं काम हे, की एका कागदावर अशी घरातली दहाबारा 'कर'वाली वाक्यं लिहून काढा, तुमच्या गावात तुमच्या मुलांच्या तोंडी असतात तीच, पुस्तकातली नकोत. पुढचा सगळा तास या कागदावर चालणार आहे, प्रत्येक वाक्य इंग्रजीत नेताना 'कर' गळून पडतं हे मुलांना दहा वेळा दिसलं पाहिजे. आय ब्रश माय टीथ. पापा फोन्स मी. लॉक द डोअर.

आता शब्द निवडा, आणि इथे हात आखडता घ्या, एका तासाला सहा, फार तर आठ. आणि निवडतानाच दोन ढीग करा. एका ढिगात ते शब्द ज्यांचं नाम आणि क्रियापद जवळचं आहे, ब्रश, कोम (म्हणजे कंगवा, शेवटचा बी उच्चारायचा नाही हे आधी स्वतःच्या जिभेला सांगून ठेवा), लॉक, पेंट, प्लांट, वॉटर, फोन, रेन. दुसऱ्या ढिगात ते जिथे अर्थ लांब पडतात, वॉच म्हणजे घड्याळ आणि बघणं, पार्क म्हणजे बाग आणि गाडी लावणं, बेअर म्हणजे अस्वल आणि सहन करणं, बार्क म्हणजे झाडाची साल आणि भुंकणं. पहिले काही तास फक्त पहिलाच ढीग घ्या. दोन्ही एकत्र घेतले तर मुलं प्रत्येक शब्दाला संबंध शोधत बसतात, अस्वल आणि सहन करणं यांचा काही संबंधच नाहीये, दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेत. उलट वॉचचा संबंध आहे आणि तो सांगायला सोपा आहे, कारण वॉचमन सगळ्यांना माहितीये, तो लक्ष ठेवतो, मग वॉच म्हणजे लक्ष ठेवून बघणं हे लगेच बसतं.

इस्त्री मिळाली तर वर्गात न्या, अर्थात वायर न लावता. आयर्न म्हणजे लोखंड, त्याची केली ती इस्त्री पण आयर्न, आणि इस्त्री करणं पण आयर्न, तिन्ही अर्थ एका वस्तूत हातात धरता येतात, असा दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही.

यानंतरचं काम बरेच जण सोडून देतात आणि तिथेच मुलं अडकतात. निवडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात उघडून बघा, मुलांसाठीचा साधा कोश पुरे, आणि क्रियापद झाल्यावर त्या वस्तूचं नक्की काय होतं ते लिहून ठेवा. वॉटर द प्लांट म्हणजे झाडाला पाणी घालायचं, पण मिल्क द काऊ म्हणजे गाईचं दूध काढायचं. ऑइल म्हणजे तेल घालणं, पील म्हणजे साल काढणं. डस्ट द टेबल म्हणजे टेबलावर धूळ टाकायची नाही, झटकायची. मराठीत आपण घाल, काढ, झटक, लाव असं स्पष्ट बोलतो त्यामुळे आत की बाहेर हा गोंधळ होतच नाही, इंग्रजी हे सांगत नाही, ते वापरून वापरूनच कळतं. तर मुलांकडून हा अर्थ नियमाने निघेल अशी अपेक्षा ठेवू नका, एकेक शब्द करून दाखवा. फडकं, केळं, पाण्याची बाटली आणि एखादी कुंडी एवढं पिशवीत टाकलं की भागतं.

मुलांना ओळखायचं कसं हे पण ठरवून ठेवा, आणि व्याख्या नकोत, नाम म्हणजे अमुक आणि क्रियापद म्हणजे तमुक हे त्यांना पाठ असतंच आणि त्याने काही होत नाही. शब्दाच्या आधी काय आलंय तिकडे बघायला शिकवा. आधी अ, द, माय, धिस असेल तर पुढे वस्तू. आधी आय, यू, कॅन, विल, डोन्ट असेल तर पुढे काम. माय ब्रश, आय ब्रश. द लॉक, डोन्ट लॉक. फळ्यावर जोड्या एकाखाली एक लिहा, आधीचा शब्द रंगीत खडूने आणि आपला शब्द पांढऱ्याने, म्हणजे डोळा आपोआप आधीच्या शब्दाकडे जातो. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते मधे किंवा सुरुवातीलाच येतं, त्यामुळे मराठी मूल वाक्याच्या शेवटच्या शब्दाला क्रियापद समजतं आणि कट द पेपरमध्ये पेपरवर बोट ठेवतं. यासाठी चारपाच वाक्यं वेगळी काढून ठेवा.

एसचा घोळ होणारच आहे. टू वॉचेस म्हणजे दोन घड्याळं आणि शी वॉचेस म्हणजे ती बघते, शेवट अगदी सारखा, आणि मुलांना एस म्हणजे अनेकवचन एवढंच शिकवलेलं असतं. पहिल्या तासाला तो आणि ती घेऊच नका, आय, यू, वी वर भागवा (मग वर लिहिलेलं पापा फोन्स मी पण दुसऱ्या दिवशीच). आणि टू हा आवाज पण जपून, दोन म्हणजे पण टू आणि आय वॉन्ट टू वॉच मधला पण टू, ऐकायला एकच, त्यामुळे अशी वाक्यं नुसती तोंडी न घेता लिहूनच दाखवा.

क्रिकेटसाठी वेगळी पाच मिनिटं ठेवा, मुलं तिथे स्वतःहून बोलायला लागतात. गुड कॅच आणि कॅच इट, टेन रन्स आणि रन, बॅट हातातली आणि ही बॅट्स वेल. बॉलचं मात्र तसं होत नाही, चेंडू टाकणं म्हणजे बोल, आणि नाम म्हणून तोच शब्द म्हणजे वाडगा, आपण बाउल म्हणतो तो. आधी माहीत असलेलं बरं, कारण कुणीतरी ही बॉल्स म्हणणारच.

तसंच कुकचं. कुक म्हणजे स्वयंपाक करणं आणि करणारा माणूस पण कुकच. आपल्या घरात कुकर म्हणजे शिट्टीवाला, आणि टीचर, ड्रायव्हर, सिंगर शिकलेलं मूल आईला कुकर म्हणून मोकळं होतं. हसण्यावारी नेऊ नका, मुलाने नियम बरोबर लावलेला असतो, फक्त हा शब्द त्या नियमात बसत नाही, आणि हे त्याला तसंच सांगा. नियम पुढे ताणणारी मुलं असतातच, ब्रश चालतं तर फूड का नाही, आय फूड द काऊ का नाही? त्यांच्यासाठी जोड्या तयार ठेवा, फूड आणि फीड, ब्लड आणि ब्लीड, साँग आणि सिंग, ब्रेथ आणि ब्रीद, इथे शब्द थोडा बदलतो.

कुणी विचारलंच की इंग्रजीत असं का, तर उत्तर छोटं द्या. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पण शेवट वेगळे होते, प्रेम म्हणजे लुफु आणि प्रेम करणं म्हणजे लुफियन, पुढे शेपट्या झिजल्या आणि दोन्हीकडे लव्ह उरलं. आपल्याकडे शेपट्या अजून आहेत, रंगचं रंगवणं, हातचं हाताळणं, फूलचं फुलणं. आणि तरी मराठीत पण कधीकधी दोन्ही सारखे दिसतात की, हा खेळ आणि जा खेळ, त्याचा नाच आणि तू नाच, मार बसला आणि चेंडू मार. ही तीन उदाहरणं मी सुरुवातीलाच घ्यायला सांगीन, कारण त्यातून मुलाला पटतं की हे काही परकं नाही, आपण रोज करतो. मोठ्या मुलांना गूगल सांगा, कंपनीचं नाव होतं, लोक क्रियापदासारखं वापरायला लागले आणि २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात ते क्रियापद म्हणून गेलं. आपण गूगल कर म्हणतो, इंग्रजीत गूगल इट, परत तोच 'कर'.

सातवी-आठवीची मुलं असतील तर उच्चाराची पण तयारी हवी. यूस म्हणजे उपयोग आणि यूझ म्हणजे वापरणं, हाउस घर आणि हाउझ म्हणजे जागा देणं, स्पेलिंग तेच. रेकॉर्डमध्ये नामाला जोर पहिल्या भागावर, क्रियापदाला दुसऱ्या. प्रॅक्टिसचं उलटं, उच्चार एक आणि ब्रिटिश स्पेलिंग दोन, नामाला सी आणि क्रियापदाला एस. हे मोठ्याने चारदा म्हणून बघा मगच वर्गात जा, आणि लहान मुलांना यातलं काहीही नको.

शेवटी तपासायचं कसं ते ठरवा. पार्क म्हणजे काय असं विचारू नका, मूल एक अर्थ सांगून बसतं. वाक्य म्हणा, वस्तू असेल तर मुलांनी ती दाखवायची, काम असेल तर करून दाखवायचं, माय कोम म्हटलं की कंगवा वर, आय कोम माय हेअर म्हटलं की केसांवरून हात. लाजणारी मुलं पण यात भाग घेतात, आणि कुणाला कळलं नाही ते वर्गभर एका नजरेत दिसतं. दुसऱ्या दिवशीसाठी पहिल्या कागदावरचीच सहा वाक्यं परत काढा, इंग्रजीत लिहायला द्या, आणि वह्या तपासताना फक्त एवढंच बघा की डू आणि डुइंग अजून कुठे राहिलंय, स्पेलिंगला त्या दिवशी लाल पेन लावू नका.